चढणीतली नाडी

३ नोव्हेंबर

खोली बरी आहे. खाली कुलूपकिल्लीवाल्याचं दुकान, वर मी. खिडकीतून पायऱ्यांची गल्ली थेट वरपर्यंत दिसते. आज वजनकाटा खांद्यावर घेऊन मोजत मोजत चढले. एकशे अठरा पायऱ्या. चाळिसाव्या पायरीला मला धाप लागली, आणि तेव्हाच वरून एक आजोबा शीळ घालत उतरत होते. वय पंच्याण्णव. माझं एकेचाळीस.

सव्वीस घरांच्या गल्लीत नव्वदीपुढची अकरा माणसं आहेत. कशामुळे, हे आरोग्य खात्याला शोधायचंय. तिथल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "चार महिने आहेत. रोज सकाळी अकराही जणांची नाडी, बी.पी., वजन. पंधरा दिवसांनी रक्त. एकही दिवस चुकवायचा नाही." मी मान हलवली.

वॉर्डातल्या त्या प्रकारानंतर मला स्वतंत्र काम कोणी देईल असं वाटलं नव्हतं. दोन सारख्या बाटल्या शेजारी शेजारी होत्या. मी चुकीची सुईत भरली, पेशंटचा दंड पुसला, आणि मोठ्या सिस्टरनी माझा हात धरला. कोणाला काही झालं नाही. पण तेव्हापासून कुठलंही लेबल मी तीनदा वाचते, तेही मोठ्यानं.

इथे चूक होऊन चालणार नाही.

७ नोव्हेंबर

चार दिवसांतला एकही आकडा धड नाही, आणि त्याचं कारण म्हणजे एक पेपर.

या अकरा जणांत पेपर एकच येतो. शीळ घालणारे आजोबा पूर्वी पोस्टमन होते, ते सगळ्यात खाली राहतात. सकाळी सहाला ते स्टँडवरून पेपर आणतात आणि पहिलं दार वाजवतात. तिथे मथळे वाचायचे, सरकारला शिव्या द्यायच्या, मग तिथल्या माणसाला घेऊन पुढचं दार. बेकरीवाले आजोबा आतलं पान मागतात, शिंपीआजोबा देत नाहीत. अशी वरात वाढत वाढत नऊ-साडेनऊला सगळ्यात वरच्या घरी पोचते. तिथे दोन बहिणी राहतात, थोरली शहाण्णवची, धाकटी त्र्याण्णवची. दोघी सगळ्यांवर ओरडतात, "आज किती उशीर!" आणि चहा ठेवतात. तोवर पेपराच्या चिंध्या झालेल्या असतात.

यांना मी मोजायचं कधी? आज पोस्टमनआजोबांना पायऱ्यांवरच गाठलं.

"आजोबा, नाडी एकशे चार आहे तुमची."

"मग? बंद पडलेली हवी होती?"

सगळे हसले. मला रडू यायचं बाकी होतं.

८ नोव्हेंबर

डॉक्टरबाईंना फोन केला. त्यांचा आवाज चढला. "मला विश्रांतीतली नाडी हवी, चढणीतली नाही. उपाशीपोटी, घरी, पंधरा मिनिटं स्वस्थ बसलेलं माणूस हवं. एवढं जमत नसेल तर आत्ताच सांग."

जमेल म्हटलं.

१० नोव्हेंबर

जमलं! बहिणींच्या स्वयंपाकघरात सगळ्यांसमोर उभी राहून विनवणी केली. चार महिनेच. मी येऊन जाईपर्यंत आपापल्या घरी बसा. चहा मी गेल्यावर घ्या. पेपर प्रत्येकाच्या दारात टाकायची व्यवस्था खात्याकडून करते, म्हणजे कोणाला थंडीत पायऱ्या चढायला नकोत.

मग पोस्टमनआजोबा म्हणाले, "म्हणजे मी पुन्हा रिटायर."

"पोरीच्या नोकरीचा प्रश्न आहे रे," बाई म्हणाल्या. बाई म्हणजे चौऱ्याण्णवच्या शाळामास्तरीण, अजून बोट उगारून बोलतात. "चार महिने काही जन्म नाही. ऐका तिचं."

शिंपीआजोबांनी कबूल करताना एक अट घातली. शब्दकोडं आता त्यांचं एकट्याचं.

किती गुणी माणसं आहेत. उगाच घाबरत होते.

२४ नोव्हेंबर

आकडे सुंदर येताहेत. नाड्या सत्तरच्या आसपास, बी.पी. सगळ्यांचं उतरलंय. सहाला खालून सुरू करते, नऊला वर संपते. प्रत्येक जण दारात पेपर उचलून खुर्चीत बसलेला असतो, बाही वर करून. डॉक्टरबाई खूश. म्हणाल्या, "आता कसं प्रयोगासारखं वाटतंय."

मी वर पोचले की सगळे मोकळे असतात. जायचं तर एकमेकांकडे जाऊ शकतात, माझी काही बंदी नाही. पण जात नाहीत. थंडी वाढलीय, म्हणून असेल.

आईला फोन केला. दादाकडे तिला वेगळी खोली आहे, टीव्ही आहे. "माझं काय," म्हणाली, "सगळं जागेवर मिळतं. उठायलासुद्धा लागत नाही." बरं वाटलं ऐकून.

२ डिसेंबर

थोरलीचं वजन दीड किलोनं उतरलंय. काटा तपासला, तीनदा. काटा बरोबर आहे. शिंपीआजोबांनी दाढी केलेली नाही, चार दिवसांची असेल. विचारलं तर म्हणाले, "बघायला कोण येतंय?" मी म्हटलं, "मी येते की!" ते नुसते हसले.

आहाराची प्रश्नावली भरून घेतली. कोणाच्याही जेवणात फरक नाही.

६ डिसेंबर

पोस्टमनआजोबा गेले.

सहा वाजता दार वाजवलं. पेपर उंबऱ्यावर तसाच होता. पुन्हा वाजवलं. ते नेहमी पहिल्या टकटकीला "या, सरकार!" म्हणतात. खालून कुलूपवाल्याला बोलावून आणलं, त्यानं कुलूप काढलं. ते खुर्चीत बसले होते, बाही कोपरापर्यंत दुमडलेली. माझ्यासाठी.

शेजाऱ्यांनी बोलावलेल्या डॉक्टरांनी सांगितलं, हृदय थांबलं. पंच्याण्णव म्हणजे काही कमी नाही. डॉक्टरबाईंनीही तेच सांगितलं आणि विचारलं, "कालचा आकडा घेतला होतास ना?" घेतला होता. नाडी अडुसष्ट, सगळ्या महिन्यातली सगळ्यात छान.

सुईचा बॅच नंबर पुन्हा वाचून पाहिला. रक्त घेऊन आठ दिवस झाले होते, म्हणजे त्याचा संबंध नसावा.

नसावाच.

८ डिसेंबर

आज सगळी दारं वाजवली. दार वाजवायचं आणि आतून आवाज येईपर्यंत थांबायचं. ते दोन-चार क्षण मला सहन होत नाहीत. आत खुर्ची सरकली की मी श्वास सोडते.

१९ डिसेंबर

बेकरीवाले आजोबा. साडेसातला दार वाजवलं तर आतून कण्हण्याचा आवाज. कुलूपवाल्यानं दार उघडलं, तर ते न्हाणीघराच्या दारात पडले होते. मांडीचं हाड. मला वाटलं आत्ताच पडले. गार पडलेल्या ओठांनी म्हणाले, "काल. तू गेलीस ना, तेव्हा."

म्हणजे पूर्ण दिवस. चोवीस तास. शेजारच्या भिंतीपलीकडे शिंपीआजोबा खुर्चीत बसलेले. त्यांना ऐकू कमी येतं.

अँब्युलन्स पायऱ्यांपर्यंत येत नाही. आम्ही चौघांनी चादरीतून उतरवलं. बारा जागी थांबलो.

न्हाणीघराची फरशी गुळगुळीत आहे. सगळ्यांच्या न्हाणीघरात रबरी पट्ट्या टाकायला हव्यात, तसं खात्याला कळवलं.

२२ डिसेंबर

बेकरीवाले आजोबा दवाखान्यातच वारले. त्यांची सून शहराच्या दुसऱ्या टोकाला राहते, ती सामान न्यायला आली होती. मी नमस्कार केला तर तिनं केला नाही.

"माझे सासरे ब्याण्णव वर्षांत एकदा दवाखान्यात गेले नव्हते," ती म्हणाली. "तुम्ही आलात, सुया टोचायला लागलात, आणि महिन्यात दोन माणसं गेली. मी तक्रार करणार आहे."

खोलीवर येऊन घशाचा स्वॅब घेतला, माझ्याच. माझ्याकडून त्यांना काही लागण तर होत नसेल? या थंडीत मी एका घरातून दुसऱ्या घरात जाते, तोच पट्टा सगळ्यांच्या दंडाला बांधते. आता पट्टा प्रत्येक घरी स्पिरिटनं पुसते. हाताची सालं निघाली आहेत.

२८ डिसेंबर

स्वॅब स्वच्छ. सुया स्वच्छ, पट्टा स्वच्छ. मग काय आहे?

बाईंच्या घरी आज एक गोष्ट दिसली. कोपऱ्यात पेपरांचा गठ्ठा होता, घडीसुद्धा न मोडलेले. मी म्हटलं, "बाई, वाचत नाही वाटतं हल्ली?"

"मथळा वाचते."

"मग आतलं?"

"आतलं वाचून भांडू कोणाशी? भिंतीशी?"

वाचनाची आवड जाणं हे एक लक्षण असू शकतं. सगळ्यांना विचारून नोंदवायला हवं.

५ जानेवारी

शिंपीआजोबा अंथरुणातून उठत नाहीत. अठ्ठ्याण्णव वर्षं पूर्ण आहेत, पण कालपर्यंत सुईत दोरा स्वतः ओवत होते. आज पडल्या पडल्या हात पुढे केला, "मोज बाई तुझं." नाडी चौसष्ट. ताप नाही, दुखत काही नाही. दार उघडायला कोणी नाही म्हणून कडी न लावता झोपतात. खाणावळीतून डबा येतो, तो अर्धा परत जातो.

थोरलीचं वजन आणखी उतरलं. धाकटी कुजबुजली, "ती सकाळी उठून चहाची चार भांडी जास्तीची काढते. मग मी परत ठेवते."

मला पळून जावंसं वाटतं. खरंच. सामान एका बॅगेत मावेल.

१४ जानेवारी

थोरली गेली.

धाकटीनं दार उघडलं, बाही वर केली, खुर्चीत बसली. मी विचारलं, "आणि ताई?" म्हणाली, "ती उठत नाहीये. आधी माझं मोज."

मी आत गेले. हात लावण्याआधीच कळलं. बाहेर आले तर धाकटी तशीच बसून होती, हात पुढे करून. मी तिची नाडी घेतली. का घेतली ते माहीत नाही. आकडा दोनदा चुकला.

अकरातले तीन. गल्लीतल्या बायका मला बघून लेकरांना आत घेतात. बाकीचे म्हातारे मात्र अजून दार उघडतात. त्यांनी नकार दिला असता तर बरं झालं असतं.

१९ जानेवारी

डॉक्टरबाईंना सोमवारी तक्ता हवा होता, म्हणून वही पहिल्यापासून उतरवायला बसले.

पहिल्या आठवड्याची पानं मी वगळली होती. आज ती नीट वाचली. शेरा या रकान्यात माझंच अक्षर आहे. पोस्टमन, १०४: चढून आले, बाद. बेकरी, ९८: हसत होते, बाद. शिंपी: भांडण चालू, बसेनात, बाद. थोरली: ओरडत होती, बाद. धाकटी: चहा झाला, बाद. चार पानं. बाद, बाद, बाद.

त्यानंतर सगळं स्वच्छ. अडुसष्ट, बहात्तर, सत्तर, चौसष्ट.

मी पुन्हा पहिलं पान उघडलं.

कारण शोधायला आले होते. ते पहिल्याच आठवड्यात रोज सकाळी माझ्यासमोरून पायऱ्या चढत होतं, आणि मी त्यावर काट मारली. नुसती कागदावर नाही. ते चालू असतं तर बेकरीवाल्यांच्या दारावर त्या दिवशीही थाप पडली असती. सात-आठ जण असते दारात. थोरलीनं काढलेली भांडी लागली असती.

लेबलं तीनदा वाचत होते मी.

२० जानेवारी

फोनवर सगळं सांगितलं. डॉक्टरबाईंनी मध्ये तोडलं नाही. मग शांतपणे म्हणाल्या, "थंडीचे दिवस आहेत. वयं बघ त्यांची. अकरातले तीन हिवाळ्यात जाणं अशक्य नाही."

"पण मॅडम, असंही असू शकतं ना?"

"असू शकतं. पण तुझ्या वाटण्यावर मी अहवाल लिहू? आता पद्धत मोडलीस तर आधीचेही महिने फुकट. अजून सहा आठवडे काढ."

सहा आठवडे. मी फोन ठेवला. नंतर स्टँडवर जाऊन पेपरवाल्याला सांगितलं, उद्यापासून दारात टाकू नका. आता नोकरी गेली, हे स्पष्टच आहे. पण भीती त्याची नव्हती. आता मला त्यांना सांगायचं होतं.

२२ जानेवारी

सांगितलं.

दारोदार जाऊन सगळ्यांना वर बोलावलं. पूर्वी गप्पा मारत चढायचे, आज बाईंना दर पाच पायऱ्यांना टेकावं लागलं. शिंपीआजोबा आलेच नाहीत. धाकटीच्या स्वयंपाकघरात सात जण बसले. मी उभीच होते. वही उघडून बादची पानं वाचून दाखवली, आणि म्हटलं की मी तुमची सकाळ बंद केली, आणि तुमची तीन माणसं गेली, आणि मला वाटतं ते माझ्यामुळे.

धाकटीनं उकळणारं पातेलं खाली उतरवलं.

"एवढं सगळं स्वतःच्या डोक्यावर घेऊ नकोस," बाई म्हणाल्या. "हो तर आम्हीच म्हणालो होतो. मीच सांगितलं सगळ्यांना, ऐका म्हणून."

"घेऊ दे की डोक्यावर!" मागून एक आजोबा ओरडले. ते पोस्टमनआजोबांच्या शेजारचे, एरवी कधी बोलत नाहीत. "सत्तर वर्षांचा दोस्त होता माझा. रोज दारावर लाथ मारायचा. एवढ्या आकड्यांत हिला ती लाथ दिसली नाही?" काठी आपटत ते निघून गेले. त्यांच्यामागे आणखी दोघे.

मी रडले नाही. रडायचा हक्क आपला नाही असं वाटलं.

शेवटी धाकटी आणि मी उरलो. तिनं माझं मनगट धरलं. पकड केवढी घट्ट!

"तू मारलंस की देवानं नेलं, मला कळत नाही," ती म्हणाली. "मी शाळा शिकले नाही. पण आता सकाळी मला 'ऊठ गं भवाने' म्हणणारं कोणी नाही. तू म्हणायचंस."

"मी?"

"मग कोण? ते यंत्र आणू नकोस. आणि ताई म्हणायची तसंच म्हणायचं, शिवीसकट."

२९ जानेवारी

खात्याचं पत्र आलं. एक तारखेपासून माझ्या जागी दुसऱ्या सिस्टर. वह्या त्यांच्या ताब्यात द्यायच्या. पंधरा दिवसांची रजा शिल्लक होती, ती मागून घेतली. खोलीचं भाडं महिनाअखेरपर्यंत भरलेलं आहे, कुलूपवाला म्हणाला पुढचे पंधरा दिवस राहा. त्यानंतर काय, माहीत नाही.

रोज सातला वर जाते. दारात उभं राहून शिवी द्यायला पहिल्या दिवशी जीभ उचलेना. धाकटी आतून म्हणाली, "नीट म्हण, नाहीतर मी उठत नाही."

बाकीच्यांचं एकसारखं नाही. बाई दोन घरं उतरून शेजारी जायला लागल्या आहेत. काठीवाले आजोबा मला बघून तोंड फिरवतात. सगळं पूर्वीसारखं झालं असं मला लिहायचंय, पण झालेलं नाही. शिंपीआजोबा तीन आठवडे अंथरुणात आहेत. त्यांच्या दाराशी मी रोज थांबते.

१ फेब्रुवारी

आज वर गेले तेव्हा धाकटी चप्पल घालून दारातच उभी होती.

"शिंपी उठला?"

"नाही."

"मग चल."

त्र्याण्णवची बाई. पायऱ्या दवानं ओल्या. माझ्या खांद्यावर हात ठेवून ती एक एक पायरी उतरत होती, आणि मी मनात तिच्या पडण्याची शंभर चित्रं बघत होते. हाड, चादर, अँब्युलन्स. दोनदा म्हटलं, "परत जाऊ या." तिनं ऐकलंच नाही. मधल्या वळणावर बाईंनी दार उघडून पाहिलं, काही न विचारता शाल घेतली आणि मागून निघाल्या.

शिंपीआजोबांचं दार नुसतं लोटलेलं होतं. मी ढकलायला हात पुढे केला तर धाकटीनं तो बाजूला सारला आणि मुठीनं दार बडवलं. सगळी गल्ली उठेल असं.

"मेलास का रे?"

आत काही नाही. खुर्ची नाही, खोकला नाही. मी चौकटीला धरलं. बाईंनी डोळे मिटले होते. धाकटीनं पुन्हा मूठ उगारली.

"बोल की! तीन बायका दारात थंडीनं मरतायत!"

पलंग करकरला. मग काहीतरी खाली पडलं, मग बऱ्याच वेळानं पावलं, फरशीवर घासत घासत येणारी, आणि दाराच्या अगदी पलीकडून चिडलेला आवाज आला,

"थांबा गं, आत येऊ नका! विजार सापडत नाहीये."